लेखकाचा हक्क आणि सरकारचा छापखाना

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

आमच्या तालुक्याच्या गावी सत्तरच्या दशकात वर्षातून एकदा रशियन पुस्तकांचं प्रदर्शन भरत असे. हायस्कूलच्या व्हरांड्यात चार लांब टेबलं मांडलेली असत आणि त्यांवर मॉस्कोहून आलेली पुस्तकं. पक्की बांधणी, स्वच्छ छपाई, रंगीत चित्रं आणि किंमत दोन-तीन रुपये. टॉल्स्टॉय, चेखव, गॉर्की ही नावं मी पहिल्यांदा वाचली ती त्या टेबलांवर. रशियन मासिकांचे गुळगुळीत कागद आमच्या वह्यांना कव्हरं घालायला उपयोगी पडत, ही गोष्ट निराळी.

माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. ते एखादं जाडजूड पुस्तक हातात घेत, त्याची किंमत दोनदा वाचत आणि म्हणत, ''बघ, तिथे लेखकाला सरकार सांभाळतं. त्याला कुणाच्या दारात जावं लागत नाही.'' या वाक्यामागे त्यांचं एक दुखणं होतं. मुलांसाठी गणितातल्या गमतींचं एक छोटं पुस्तक त्यांनी लिहिलं होतं. शहरातल्या एका प्रकाशकानं ते पंचाहत्तर रुपयांना घेतलं. कागदावर एक ओळ होती : 'सर्व हक्क कायमचे'. पुढे त्या पुस्तकाच्या आवृत्त्या निघत राहिल्या. एकदा वडील एसटीनं जाऊन विचारून आले. प्रकाशकानं चहा पाजला आणि तो सहीचा कागद समोर ठेवला. परत आल्यावर वडील त्याबद्दल फारसं बोलले नाहीत. रशियन पुस्तकांच्या टेबलापाशी मात्र त्यांना ते आठवत असावं.

'लेखकाला सरकार सांभाळतं' हे मीही पुष्कळ वर्षं खरं मानलं. पुढे इतिहास शिकवायला लागलो, तेव्हा ते तपासून पाहावंसं वाटलं. सोव्हिएत लेखकाला खरोखर काय मिळत होतं? कुठल्या नियमानं मिळत होतं? आणि त्या नियमाचा त्याच्या लिहिण्यावर काय परिणाम झाला? आजचं बोलणं त्याविषयी आहे.

साम्यवादी देशात खासगी मालमत्ता नाही, म्हणजे कॉपीराइटही नसणार, असा आपला समज असतो. तो बरोबर नाही. क्रांतीनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत तसं होईल असं वाटलं होतं खरं. जुन्या नामवंत लेखकांच्या ग्रंथांवर सरकारनं छपाईची मक्तेदारी घेतली, ती लोकांना स्वस्त पुस्तकं मिळावीत म्हणून. नोव्हेंबर १९१८च्या हुकुमानं कुठलीही साहित्यकृती, संगीतरचना किंवा शास्त्रीय ग्रंथ राष्ट्राच्या मालकीचा म्हणून जाहीर करण्याचा अधिकार सरकारनं स्वतःकडे घेतला. पण १९२५मध्ये देशभरासाठी कॉपीराइटची मूलतत्त्वं ठरली आणि १९२८मध्ये ती सुधारण्यात आली. लेखकाला हयातभर हक्क आणि मृत्यूनंतर वारसांना १५ वर्षं, असा तो कायदा होता. आपल्याकडे ही मुदत मृत्यूनंतर ६० वर्षं आहे. तिथली मुदत तोकडी होती, पण हक्क होता. लेखकाचं नाव, त्याचा मजकूर आणि त्याचं मानधन या तिन्ही गोष्टींचा कायद्यात उल्लेख होता.

मग फरक कुठे पडत होता? तो पडत होता छापखान्याच्या दारात. खासगी प्रकाशन तिसाव्या दशकापर्यंत संपलेलं होतं. छापखाने सरकारचे, कागद सरकारचा, पुस्तकांची दुकानं सरकारची. कोणतं पुस्तक किती प्रतींचं निघणार हे योजनेत ठरे आणि त्यातला शब्दन्‌शब्द सेन्सॉरच्या नजरेखालून जाई. घर तुमचं, पण बाहेरच्या दाराची किल्ली दुसऱ्याकडे, अशी ही मालकी होती.

आता मानधनाचा हिशेब पाहू. तो विक्रीवर नव्हता. त्याचं माप होतं 'लेखकाचा फर्मा'. एक फर्मा म्हणजे मोकळ्या जागा धरून ४०,००० अक्षरं. साधारण बावीस-चोवीस टंकलिखित पानं. कवितेसाठी ७०० ओळींचा एक फर्मा. दर फर्म्याला किती रुबल द्यायचे, याचे तक्ते सरकारनं ठरवलेले असत. लेखनाचा प्रकार कोणता आणि प्रती किती, यावर दर बदलत. तेच पुस्तक पुन्हा निघालं की मानधन टप्प्याटप्प्यानं कमी होई. पुस्तक दुकानात धूळ खात पडलं तरी लेखकाचं काही अडत नसे, कारण पैसे छापण्याचे मिळत, खपण्याचे नाहीत.

पैसे फर्म्यानं मिळत असतील तर फर्मे वाढणार, हे आपल्याला कुणी सांगायला नको. सोव्हिएत काळातल्या त्या विटेसारख्या कादंबऱ्या, तीन-तीन पिढ्यांच्या, पोलाद कारखान्यांच्या आणि धरणांच्या, यांच्या जाडीमागे विचारसरणी होती तसा हा तक्ताही होता. मायकोव्हस्की हा कवी आपली ओळ तोडून पायऱ्यांसारखी खाली उतरवत लिहीत असे. ओळीमागे पैसे मिळतात म्हणून हा ओळी तोडतो, असा टोमणा त्याचे समकालीन मारत. मायकोव्हस्कीच्या लयीला ते कारण नव्हतं, हे त्याची कविता मोठ्यानं वाचली की कळतं. पण असा टोमणा सुचावा, यातच त्या व्यवस्थेची सवय दिसते. नाटककाराला गल्ल्यातला ठरावीक टक्का मिळे, आणि तोही अंकागणिक. चार अंकी नाटक लिहिलं तर दोन अंकीच्या दुप्पट. आपल्याकडच्या नाटककारांना हा नियम ऐकून हसू येईल, कदाचित हेवाही वाटेल.

या व्यवस्थेत यशस्वी लेखक उत्तम जगत होता. १९३४मध्ये लेखक संघाची पहिली परिषद भरली. संघाच्या सभासदाला घर, विश्रामगृहातली जागा, आजारपणात मदत, मॉस्कोजवळच्या पेरेदेल्किनो गावात बंगली, असं पुष्कळ काही मिळू शके. वडिलांचं वाक्य इथपर्यंत खरं होतं. पण मी मिखाइल बुल्गाकोव्हचं आयुष्य वाचलं आणि थबकलो.

बुल्गाकोव्हचं 'टर्बिन कुटुंबाचे दिवस' हे नाटक १९२६मध्ये मॉस्को आर्ट थिएटरमध्ये आलं आणि जोरात चाललं. अंकागणिक टक्का मिळू लागला. १९२९पर्यंत त्याची सगळी नाटकं रंगमंचावरून उतरवण्यात आली. कायद्यानं त्याचा एकही हक्क काढून घेतला नव्हता. नाटकं त्याचीच होती, टक्केवारीचा तक्ताही जागच्या जागी होता. फक्त प्रयोग होत नव्हते, त्यामुळे सगळ्याचा गुणाकार शून्य येत होता. मार्च १९३०मध्ये त्यानं सरकारला पत्र लिहिलं : मला देश सोडू द्या, नाहीतर काम द्या. एप्रिलमध्ये खुद्द स्टालिनचा फोन आला आणि त्याला थिएटरमध्ये साहाय्यक दिग्दर्शकाची नोकरी मिळाली. दिवसा नोकरी करून तो घरी 'मास्टर आणि मार्गारीता' ही कादंबरी लिहीत राहिला. मार्च १९४०मध्ये तो गेला. बायकोनं, येलेना सेर्गेयेव्हनानं, हस्तलिखित जपून ठेवलं. कादंबरी प्रथम छापली गेली १९६६-६७मध्ये, 'मॉस्क्वा' मासिकात, काटछाट करून.

आता कायदा आठवा : मृत्यूनंतर वारसांना १५ वर्षं. ती १५ वर्षं १९५५मध्ये भरली होती. म्हणजे पुस्तक छापून येण्याआधीच त्याच्या हक्काची मुदत संपलेली होती. कायद्याचं घड्याळ चालत होतं आणि छापखाना बंद होता. सोव्हिएत कॉपीराइट म्हणजे काय, हे मला या एका उदाहरणातून जितकं समजलं तितकं कायद्याच्या पुस्तकातून समजलं नाही.

या कायद्याची दुसरी एक बाजू आहे, आणि ती अधिक रंजक आहे. १९७३पर्यंत सोव्हिएत कायद्यात भाषांतराचं स्वातंत्र्य होतं. कुणाचंही पुस्तक दुसऱ्या भाषेत न्यायला मूळ लेखकाची परवानगी लागत नसे. परदेशात प्रथम छापलेल्या पुस्तकांना तर मुळात संरक्षणच नव्हतं. युरोपातल्या देशांनी १८८६मध्ये केलेल्या बर्न करारात रशिया झारच्या काळातही सामील नव्हता, आणि सोव्हिएत सरकारनंही ती वाट धरली नाही. जॅक लंडन, हेमिंग्वे, कॉनन डॉयल यांच्या प्रती लाखांनी निघाल्या. परदेशी लेखकाला काही द्यायचंच ठरलं, तर ते सरकारच्या मर्जीनं आणि बहुधा रुबलमध्ये, म्हणजे तिथे येऊन तिथेच खर्च करायचे.

कॉनन डॉयलच्या वारसांनी हे निमूट सोसलं नाही. शेरलॉक होम्सच्या पुस्तकांवर सोव्हिएत प्रकाशनांनी केलेल्या कमाईतला वाटा मिळावा, म्हणून त्यांनी १९५८मध्ये चक्क मॉस्कोच्या न्यायालयात दावा लावला. त्यांच्या बाजूनं उभे राहिले हार्वर्डचे कायद्याचे प्राध्यापक हॅरल्ड बर्मन. कॉपीराइट नसला तरी दुसऱ्याच्या श्रमावर विनाकारण श्रीमंत होता येत नाही, हे तर तुमच्याच दिवाणी कायद्यात लिहिलं आहे, असा त्यांचा मुद्दा होता. न्यायालयानं तो मानला नाही, अपिलातही यश आलं नाही. होम्स मात्र रशियन वाचकांच्या घरचाच झाला. १९७९पासून लेनिनग्राडमध्ये त्याच्यावर दूरदर्शनपट निघाले आणि बेकर स्ट्रीटवरचा तो गुप्तहेर रशियन बोलताना फार शोभला.

परवानगीची कटकट नाही म्हटल्यावर लेखकांचे हात कसे मोकळे होतात, याची गंमत मुलांच्या पुस्तकांत दिसते. अलेक्सांद्र वोल्कोव्ह हे गणिताचे प्राध्यापक. इंग्रजीचा सराव म्हणून त्यांनी बॉम या अमेरिकन लेखकाची 'ओझचा जादूगार' भाषांतराला घेतली. करता करता त्यांनी प्रसंग बदलले, नवे घातले, नायिकेचं नाव बदललं आणि १९३९मध्ये 'पाचूनगरीचा जादूगार' प्रसिद्ध झाला. १९६३मध्ये त्यांनी पुढचा भाग लिहिला. त्यातला लाकडी शिपायांची फौज उभारणारा उर्फिन ज्यूस हा सुतार बॉमच्या पुस्तकात कुठेही नाही. अशी सहा पुस्तकं झाली. अलेक्सेई टॉल्स्टॉयनं इटालियन पिनोकिओचा १९३६मध्ये 'बुरातिनो' केला. पिनोकिओ शेवटी शहाणा होऊन खरा मुलगा होतो. बुरातिनो लाकडीच राहतो आणि त्याला मिळतं कठपुतळ्यांचं स्वतःचं थिएटर. चुकोव्हस्कीचा जनावरांचा डॉक्टर आयबोलित हा इंग्रज डॉक्टर डुलिटलचा भाऊबंद. बॉमच्या बाबतीत तर मूळ लेखकाच्या वारसांना एक रुबलही देण्याचं बंधन नव्हतं. कुणी याला चोरी म्हणेल. मला आपल्या आजीच्या गोष्टी आठवतात. तीही कुठून कुठून ऐकलेली गोष्ट आपल्या गावची करून सांगत असे आणि तिचा हिशेब कुणाला देत नसे.

भाषांतराचं हे स्वातंत्र्य आणि सेन्सॉरचा धाक एकत्र आले, तेव्हा आणखी एक गोष्ट घडली. मूळ परदेशी लेखकाला पैसे देण्याचं बंधन नव्हतं, पण भाषांतरकाराला पुरे मानधन मिळत होतं आणि भाषांतरावर त्याचा हक्कही होता. स्वतःची कविता छापणं अशक्य होत गेलं, तसे देशातले सर्वांत मोठे कवी भाषांतराकडे वळले. पास्तरनाकनं शेक्सपिअरची नाटकं आणि गटेचा 'फाउस्ट' रशियनमध्ये आणला. त्याचा 'हॅम्लेट' कोझिन्त्सेव्हच्या १९६४च्या चित्रपटात ऐकायला मिळतो. अख्मातोवावर १९४६मध्ये पक्षानं जाहीर ठपका ठेवला, लेखक संघातून तिचं नाव गेलं. त्यानंतर तिचंही पोट पुष्कळसं भाषांतरावर चाललं. जुन्या कोरियन कवितेपर्यंत तिची मजल गेली. जगातल्या कुठल्याही भाषेत एका पिढीतले इतके मोठे कवी इतकी वर्षं भाषांतराला बसले असतील असं मला वाटत नाही. रशियन वाचकाला याचा फायदा झाला. पण या भाषांतरांच्या मागे न लिहिल्या गेलेल्या कविता किती, हे कुणी मोजायचं?

आणि भाषांतराचा हा आसरादेखील पक्का नव्हता. १९६४मध्ये लेनिनग्राडच्या न्यायालयात जोसेफ ब्रॉडस्की या तेवीस वर्षांच्या कवीवर खटला झाला. आरोप होता आयतोबापणाचा, म्हणजे समाजोपयोगी काम न करता जगण्याचा. भाषांतरातून त्यानं किती कमावलं, तेवढ्यावर माणूस जगू शकतो का, याचा हिशेब भर न्यायालयात झाला. फ्रीदा व्हिग्दोरोवा या पत्रकार बाईंनी तिथे बसून केलेल्या नोंदी हातोहात फिरल्या, म्हणून जगाला तो खटला कळला. लेखक संघाचं कार्ड नसलेला माणूस कवी ठरत नव्हता. ब्रॉडस्कीला पाच वर्षं उत्तरेकडच्या अर्खांगेल्स्क भागात मजुरीला धाडण्याची शिक्षा झाली. गाजावाजा झाल्यावर तो दीड वर्षात सुटला. १९८७मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळालं. कोण लेखक आणि कोण नाही हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्याकडे, त्याच्याकडे कॉपीराइटची खरी चावी होती.

पास्तरनाकच्या 'डॉक्टर झिवागो'ची कथा आपल्याला ठाऊक असते. तिची कायदेशीर बाजू थोडी बाजूला राहते. ही कादंबरी नोव्हेंबर १९५७मध्ये मिलानमध्ये फेल्ट्रिनेली या प्रकाशकानं इटालियन भाषेत आणली. इटली बर्न करारात होता. पुस्तक तिथे प्रथम छापलं गेलं, म्हणून त्याला पाश्चात्त्य जगात संरक्षण मिळालं आणि त्याचे जगभरचे हक्क फेल्ट्रिनेलीकडे राहिले. तेच पुस्तक आधी मॉस्कोत निघालं असतं, तर पश्चिमेकडे कुणीही ते फुकट छापलं असतं. म्हणजे सोव्हिएत लेखकाला जगाच्या बाजारात हक्क मिळवायचा तर मायदेशाबाहेर छापलं जाणं भाग होतं, आणि बाहेर छापणं हाच मायदेशात मोठा गुन्हा. १९५८मध्ये नोबेल जाहीर झालं, पास्तरनाकला लेखक संघातून काढण्यात आलं, पारितोषिक नाकारावं लागलं. परदेशात साठलेले पैसे सरळ मार्गानं आणता येईनात. मे १९६०मध्ये तो गेला आणि ऑगस्टमध्ये त्याची मैत्रीण ओल्गा इविन्स्काया हिला अटक झाली. आरोप चलनाच्या चोरट्या व्यवहाराचा, शिक्षा आठ वर्षांची. तिच्या तरुण मुलीलाही तुरुंगात जावं लागलं. मायदेशात 'झिवागो' छापून आली ती १९८८मध्ये.

दुसरीकडे, जिथे ना मानधन होतं ना परवानगी, तिथेही काही निर्माण होत होतं. कार्बन घालून टंकयंत्रावर एका वेळी चार-पाच प्रती काढायच्या आणि वाचून पुढे द्यायच्या, याला 'समिज्‌दात' म्हणजे 'स्वप्रकाशन' म्हणत. त्याआधी युद्धोत्तर काळात लोकांनी दवाखान्यांतल्या टाकाऊ एक्स-रे फिल्मवर गाणी कोरून तबकड्या केल्या होत्या. बरगड्यांच्या चित्रावर जाझ वाजे. मग टेपरेकॉर्डर आले आणि व्लादिमीर व्हिसोत्स्कीचा तो घोगरा आवाज घराघरांत पोचला. या माणसाची हयातीत मॉस्कोच्या एका वार्षिक संग्रहात एकच कविता छापून आली, तीही छाटून. सरकारी कंपनीनं काढलेल्या त्याच्या तबकड्या मोजक्याच होत्या. पण त्याचं गाणं माहीत नाही असं घर सापडणं कठीण. प्रत्येक जण त्याच्या फिती उतरवून घेई आणि त्याचा एक कोपेकही त्याच्याकडे जात नसे. जुलै १९८०मध्ये तो गेला, तेव्हा मॉस्कोत ऑलिम्पिक सामने चालू होते. वर्तमानपत्रांत त्याच्या निधनाची बातमी जेमतेम होती, तरी त्याच्या अंत्ययात्रेला हजारोंची गर्दी लोटली. त्याचा कवितासंग्रह निघाला १९८१मध्ये.

आता १९७३कडे वळू. त्या वर्षी २७ मे रोजी सोव्हिएत संघ जागतिक कॉपीराइट करारात सामील झाला. मुदत मृत्यूनंतर २५ वर्षं झाली, भाषांतराचं स्वातंत्र्य संपलं. वरवर पाहता लेखकाच्या दृष्टीनं ही आनंदाची गोष्ट. पण त्याच वर्षी 'वाप' नावाची कॉपीराइट संस्था स्थापन झाली आणि परदेशाशी होणारे लेखनहक्कांचे सगळे व्यवहार तिच्यामार्फतच व्हावेत असं ठरलं. परदेशातून आलेल्या पैशांत संस्थेचा मोठा वाटा असे. लेखकाच्या हाती येत त्या खास दुकानांत चालणाऱ्या पावत्या.

लोकांनी दुसरीच भीती बोलून दाखवली. आता बंडखोर लेखकाचं हस्तलिखित बाहेर गेलं, तर ही संस्था पाश्चात्त्य न्यायालयात जाऊन म्हणेल : हक्क आमच्याकडे आहेत, पुस्तक थांबवा. म्हणजे सेन्सॉरची कात्री कॉपीराइटचा अंगरखा घालून न्यूयॉर्क-पॅरिसपर्यंत पोचेल. ही भीती इतकी खरी वाटत होती, की अमेरिकेच्या १९७६च्या कॉपीराइट कायद्यात त्यासाठी एक कलम आलं. लेखकानं आपखुशीनं न दिलेला हक्क कुठल्याही सरकारनं जप्त केला, तर तो अमेरिकेत मानला जाणार नाही, असा त्याचा अर्थ. सोल्झेनित्सिनचा 'गुलाग द्वीपसमूह' डिसेंबर १९७३मध्ये पॅरिसला निघालाच. त्याचं उत्तर न्यायालयात देण्याऐवजी सरकारनं फेब्रुवारी १९७४मध्ये लेखकालाच देशाबाहेर काढलं.

सामान्य वाचकाच्या वाट्याला काय आलं, हेही पाहू. फर्म्याचा तक्ता आणि वरून ठरणारी प्रतसंख्या यांमुळे न वाचली जाणारी पुस्तकं ढिगानं छापली जात होती आणि हवी ती मिळत नव्हती. ब्रेझनेव्हच्या नावावरच्या आठवणी १९७८मध्ये आल्या, त्यांच्या प्रती लाखोंनी निघाल्या आणि त्यांना साहित्याचं लेनिन पारितोषिकही मिळालं. त्या आठवणी दुसऱ्यांनी लिहून दिल्या होत्या. त्याच दशकात, १९७४मध्ये, सरकारनं एक योजना काढली : २० किलो रद्दी आणून द्या आणि कुपन घ्या. त्या कुपनावर द्युमाची किंवा कॉनन डॉयलची पुस्तकं, अँडरसनच्या परीकथा, अशी दुर्मीळ पुस्तकं विकत मिळत. लोक रद्दीची गाठोडी घेऊन रांगा लावत. नको असलेला कागद देऊन हवा असलेला कागद घ्यायचा! आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. द्युमा, डॉयल, अँडरसन या जुन्या लेखकांच्या पुस्तकांसाठी परकीय चलन मोजावं लागत नव्हतं. २७ मे १९७३नंतर बाहेर निघालेल्या नव्या पुस्तकाला मात्र ते मोजावं लागणार होतं.

शेवटचं उदाहरण आपल्या घरांतल्या मुलांच्या ओळखीचं आहे. १९८४मध्ये मॉस्कोच्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेई पाजित्नोव्ह या तरुणानं फावल्या वेळात एक खेळ तयार केला. वरून पडणारे चौकोनी तुकडे एकमेकांत बसवायचे. तोच 'टेट्रिस'. त्याच्या मनात विक्री नव्हती, कारण विकायला बाजारच नव्हता. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर उतरत तो मॉस्कोभर पसरला, अगदी व्हिसोत्स्कीच्या फितींसारखा. मग तो सीमेबाहेर गेला आणि हक्कांची झुंबड उडाली. पाजित्नोव्हनं हक्क दहा वर्षांसाठी सरकारी यंत्रणेला देऊन टाकले होते. 'एलोर्ग' या सरकारी व्यापारी संस्थेनं १९८९मध्ये परदेशी कंपन्यांशी सौदे केले, त्यातून तो खेळ निन्टेन्डोच्या गेमबॉयवर आला आणि जगभर गेला. ज्यानं तो बनवला त्याला रॉयल्टी मिळायला लागली १९९६मध्ये. तोवर सोव्हिएत संघ जाऊन पाच वर्षं झाली होती. रशिया बर्न करारात आला तो १९९५मध्ये.

एवढं सगळं पाहिल्यावर वडिलांच्या त्या वाक्याकडे मी परत येतो. सोव्हिएत लेखकाला सरकार सांभाळत होतं, हे खरं. जिथे लांबीला पैसे होते तिथे पुस्तकं लांबली, जिथे भाषांतर मोकळं होतं तिथे उत्तम कवी भाषांतर करत बसले, आणि जिथे कुठलाच तक्ता पोचत नव्हता तिथे गाणी टेपवर फिरली. नियम पैशाचा असो वा परवानगीचा, लेखणी त्याप्रमाणे वळण घेते. पण लेखकाच्या हक्कात मोबदल्याखेरीज दुसरंही काही असतं. माझं लिखाण तुमच्याकडे देणार नाही, दुसऱ्याकडे देईन, असं म्हणण्याची मुभा असते. कायद्यात मोबदल्याचे तक्ते अगदी बारकाईनं लिहिलेले होते. या मुभेला मात्र जागा नव्हती, कारण दुसरा प्रकाशकच शिल्लक ठेवलेला नव्हता.

वडिलांवर अन्याय झाला नाही असं मी म्हणणार नाही. पंचाहत्तर रुपयांत आयुष्यभराचा हक्क घेणं हा अन्यायच होता, आणि गरजेपोटी केलेल्या सहीला आपखुशी म्हणायला जीभ धजत नाही. पण पुढे त्यांनी गणिताचं दुसरं पुस्तक लिहिलं, तेव्हा त्याच प्रकाशकाचं पत्र आलं होतं. वडिलांनी त्याला उत्तर पाठवलं नाही. वही ट्रंकेत ठेवून दिली. बुल्गाकोव्हची कादंबरीही अशीच घरात पडून होती. फरक इतकाच, की वडिलांची वही त्यांनी स्वतः आत ठेवली होती आणि ट्रंकेची किल्ली त्यांच्या जानव्याला होती.

ते गेल्यानंतर काही वर्षांनी आम्ही भावंडांनी त्या वहीच्या दोनशे प्रती छापून घेतल्या. मुद्रकानं विचारलं, हक्काच्या जागी काय घालू? मी त्यांचं नाव घातलं आणि पुढे 'यांचे वारस' असं लिहिलं. पुस्तकाची किंमत ठरवताना मात्र अडलो. मग तीन रुपये ठेवली. त्या किमतीत छपाईचा खर्च निघणार नव्हता, पण रशियन पुस्तकांच्या टेबलापाशी ते नेहमी हाच आकडा दोनदा वाचत असत.